बदामाची धार

मुलुंड पूर्वेला मंडईच्या मागच्या गल्लीत 'घाडीगावकर दूध केंद्र' आहे. आडनाव एवढं लांब, की ते लिहिता लिहिता रंगाऱ्याची पाटीच संपत आली. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत त्याने पुढचं वाक्य बारीक अक्षरांत कसंबसं कोंबलं: 'आम्ही पितो तेच विकतो.' अक्षरं बारीक असली तरी दुकानाचा सगळा भार त्यांच्यावर होता.

सहदेव घाडीगावकरचे केस दुधाच्या धंद्यात पांढरे झाले होते. वडील लालबागला गिरणीत. गिरणी गेली, घर मुलुंडला आलं आणि सहदेवने दुधाची लाइन धरली. पण इतकी वर्षं दूध विकूनही म्हशीशी त्याची ओळख पिशवीवरच्या चित्रापुरतीच राहिली. एकदा कुडाळजवळ मेव्हण्याच्या गोठ्यात खरी म्हैस दोन पावलं पुढे आली, तेव्हा हा दूधवाला "अगे, मी तुझ्याच लाइनीतला!" असं ओरडत माडाच्या बुंध्याला मिठी मारून उभा होता.

पाटीवरच्या त्या वाक्यामागे एक हकिकत होती. मध्यंतरी टीव्हीवर रोज भेसळीच्या बातम्या येत. दुधात युरिया, दुधात साबण, दुधात आणखी काय काय. गिऱ्हाइकं पिशवी उजेडाला धरून डॉक्टर एक्स-रे बघतात तशी बघायला लागली. शेवटी एका सकाळी वैतागून सहदेवने क्रेटमधली पहिली पिशवी उचलली, कोपरा कातरला, दूध स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि गल्लीदेखत गटागटा प्यायला. मग ओठांवरची पांढरी मिशी पुसून म्हणाला, "घ्या. मेलो तर उद्या येऊ नका."

दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली तो जगलाय का ते बघायलाच आली. जगला होता. तेव्हापासून रोजचा नेम झाला. पहिली पिशवी फुटायची, सहदेव प्यायचा, मगच विक्री सुरू. शकुआजी तर त्याचा पेला रिकामा झाल्याशिवाय आपली कापडी पिशवी पुढेच करायची नाही. शकुआजी म्हणजे सहदेवचा शेजारी आणि जुना दोस्त भीमराज रणपिसे याची आई. टीव्हीवर, पेपरावर, मुलावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सहदेवच्या पेल्यावर मात्र होता.

बिल्डिंगच्या कोजागरीलाही तोच रिवाज पडला. गच्चीवर दूध उकळलं की पहिला पेला सहदेवचा, मग बाकीच्यांचा.

आणि अशा माणसाचं पोट बिघडलं.

आधी नुसतं गुरगुरायचं. मग सकाळी दूध प्यायलं की तासाभरात पोटात कोणीतरी कपाटं सरकवतंय असे आवाज यायला लागले. सहदेवने सगळ्यांवर आळ घेतला. मिसळ, वांगी, आणि रत्नप्रभाचं, म्हणजे बायकोचं, तिखटजाळ कालवण. दुधावर संशय घेणं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. शेवटी मुलगी श्रुतिका त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, तुम्हाला दूध पचत नाही. वय झालं की होतं पुष्कळांना. दूध बंद करा."

सहदेवचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर, दुसरं काहीतरी बंद करा ना. हवं तर मासे बंद करा."

हे शब्द आपल्या तोंडून गेले याची त्याला स्वतःलाच भीती वाटली. घाडीगावकरांच्या सात पिढ्यांत असं कोणी बोललं नव्हतं.

"मासे खा हो खुशाल," डॉक्टरीणबाई हसल्या. "दूध नको."

रिक्षात बसल्या बसल्या सहदेवने मुलीचा हात धरला. "आईला बोलायचं नाही हां."

"का?"

"काउंटरवर बसते ना ती. सकाळी तिला सांगितलेलं दुपारी ठाण्याला पोचतं. दूधवाल्याला दूध चालत नाही! वाट लागेल दुकानाची. पाटीवर काय लिहिलंय माहीत आहे ना?"

"मग रोज सकाळी काय पिणार तू? चुना कालवून?"

श्रुतिका पवईला एका ऑफिसात होती आणि तिथे लोक दूध सोडून सगळ्याचं दूध पीत. तिनेच तोड काढली. "बदामाचं दूध कर. घरी होतं."

"म्हणजे दुधात बदाम."

"नाही बाबा. नुसते बदाम आणि पाणी. दूध नाहीच."

"दुधाशिवाय दूध?" सहदेव म्हणाला. "हे म्हणजे बिल्डिंग नाही आणि मेंटेनन्स भरा."

पण पोटाने पुन्हा एक कपाट सरकवलं आणि त्याने बदामाचा भाव विचारला.

रत्नप्रभा दुपारी भजनाला जायची. तो मोकळा वेळ हेरून पहिला प्रयोग झाला. बदाम रात्रभर भिजवायचे असतात, हे श्रुतिकाने सांगितलं होतं. सहदेवने ऐकलं नव्हतं. कोरडे बदाम मिक्सरला लावले, मिक्सरने हंबरडा फोडला आणि धूर सोडून मान टाकली. दुसऱ्या दिवशी सहदेव मिक्सर पिशवीत घालून साकीनाक्याच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात गेला. कारागिराने भांड्यात बोट फिरवून विचारलं, "क्या पीसा अंकल? सिमेंट?"

"ड्रायफ्रूट," सहदेव म्हणाला.

"शादी है घर में?"

"पेट खराब है," असं सहदेव म्हणाला, तेव्हा कारागिराने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला बदाम नीट भिजवले. वाटी गॅस सिलिंडरच्या मागे दडवली होती. आता सालं काढायची. भिजलेला बदाम दोन बोटांत चिमटला की सालातून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला बदाम गेला कॅलेंडरवर, दुसरा श्रुतिकाच्या चष्म्यावर, तिसरा अजून सापडायचाय. उरलेले मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवले आणि प्रश्न आला गाळायचा. चहाची गाळणी लगेच तुंबली. मग सहदेवने गणपतीसाठी राखलेला कोरा पंचा काढला, पातेल्यावर धरला, वाटण त्यात ओतलं, चारी टोकं गोळा करून पीळ घातला आणि दाबलं.

पातेल्यात सर्रकन पांढरी धार पडली.

सहदेव बघतच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा धार. आयुष्यभर दूध विकलं, पण धार काढायला आज बसला होता आणि तीही बदामाची.

"श्रुतिका, आली गं! धार आली!"

"बाबा, हळू बोल. शेजारी ऐकतील."

पहिला घोट ओल्या खडूसारखा लागला. मग एक खजूर वाटून घातला, चिमूटभर मीठ घातलं, आणि चव जमली. चहात घालायला गेला तर चहा फाटला. मग कळलं, गॅस बंद करून, चहा जरा निवला की वरून घालायचं. आठवड्याभरात त्याचा हात बसला. पंचा पिळताना तो तोंडाने "ह्यॅ, ह्यॅ, उभी रहा" असंही म्हणायला लागला. हे कोणाला, ते विचारायची श्रुतिकाची हिंमत झाली नाही.

सकाळचा खेळ सोपा नव्हता, आणि तो रत्नप्रभा काउंटरवर यायच्या आत उरकायचा होता. पहिली पिशवी सगळ्यांसमोर फोडायची, स्टीलच्या पेल्यात ओतायची, मग "सुट्टे पडले वाटतं" म्हणून काउंटरखाली वाकायचं आणि तिथे ठेवलेला बदामाचा पेला घेऊन वर यायचं. स्टील हा मोठा दिलदार धातू आहे. आत काय आहे ते बाहेर कोणाला कळू देत नाही. खाली राहिलेलं खरं दूध दुकानातल्या बोक्याच्या बशीत जायचं.

"सहदेव," भीमराज एकदा म्हणाला, "तू वाळलास लेका, आणि तुझा बोका सुजलाय. काय भानगड?"

"त्याचं वय वाढायचंय."

"आणि तुझं?"

"माझं झालंय वाढून."

शकुआजी मात्र काही विचारायची नाही. त्याचा पेला रिकामा झाला की समाधानाने मान हलवून पिशवी पुढे करायची. ती मान हलली की सहदेव सुट्टे मोजायच्या निमित्ताने खाली बघायचा.

पुढे बदाम सोलायचा कंटाळा यायला लागला, आणि त्याची नजर माळ्यावरच्या काजूच्या डब्यावर गेली.

हा डबा प्रत्येक कोकणी घरात असतो. रत्नप्रभाचा भाऊ दरवर्षी बागेतले काजूगर पाठवायचा आणि ती ते डब्यात भरून माळ्यावर चढवायची. ते काजू गणपतीसाठी, पाहुण्यांसाठी, आणि श्रुतिकाला बघायला येणाऱ्या, अजून न जन्मलेली वाटावीत इतक्या लांबच्या स्थळांसाठी. घरच्या माणसाने त्यातला एक उचलला तर ती सरळ चोरी. रत्नप्रभा डबा उघडून बघायची नाही. येता जाता नुसता हलवून आवाज ऐकायची. म्हणून सहदेव जेवढे काजू काढी, तेवढे शेंगदाणे तळाशी भरी आणि वर काजूंचा थर नीट लावी. डब्याचा आवाज अगदी पूर्वीचाच यायचा.

आणि काजू काय चीज निघाली! सोलायला नको, पिळायला नको. भिजवा, वाटा, झालं. मंद आचेवर ढवळलं तर रबडीसारखं दाट होतं. वर केशर-वेलची टाकली की ओळखूच येत नाही.

हे दाट होणंच पुढे नडलं.

कोजागरी आली. खरी कोजागरी सोमवारी होती, पण सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी ती सर्वानुमते शनिवारी संध्याकाळी साडेसातला ठेवली, कारण सोमवारी मुलांची शाळा होती. चंद्राला कोणी विचारलं नाही. तो बिचारा डाव्या बाजूने जरा कापलेला, असा वेळेवर हजर झाला.

सहदेवची तयारी चोख होती. काजूचं दाट मसाला दूध करून छोट्या पातेल्यात फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आयत्या वेळी ते स्टीलच्या पेल्यात भरायचं आणि पेला हातात घेऊनच गच्चीवर जायचं. दुकान बंद करून घरी आला, फ्रिज उघडला, तर पातेलं नाही. ते मोरीत घासून उपडं घातलेलं होतं.

तो धापा टाकत गच्चीवर पोचला. रत्नप्रभा बायकांच्या घोळक्यात मोठं पातेलं ढवळत होती.

"फ्रिजमधलं पातेलं...?"

"ओतलं ना ह्याच्यात!" रत्नप्रभाचा चेहरा फुलला होता. "दूध पातळच वाटत होतं. तुम्ही आटवून ठेवलेलं आयतं सापडलं." मग बायकांकडे वळून, "बोलले पण नाहीत मला. एकटेच उभे राहून आटवत बसले असतील. कौतुक करून घ्यायची सवय नाही हो ह्यांना."

बायकांनी सहदेवकडे कौतुकाने बघितलं. सहदेवने पातेल्याकडे बघितलं. म्हशीच्या दुधाच्या समुद्रात त्याचा काजू बुडाला होता.

चंद्रप्रकाशांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोल उभं केलं. भीमराजने डाव उचलला आणि पहिला पेला भरला. काचेचा. आरपार दिसणारा. ह्या वर्षी काचेचे पेले घ्यायचं चंद्रप्रकाशांनीच सुचवलं होतं, 'चांदणं आत दिसावं' म्हणून. पाठोपाठ बाकीचे पेलेही भरून वाटले गेले.

"घे सहदेव. व्हिडिओ काढतोय हां, नीट पी," भीमराज म्हणाला.

श्रुतिका कानाशी आली. "बाबा, नुसतं ओठाला लाव. मी मध्येच टाळ्या वाजवते."

ते जमलं असतं. रोज सकाळी तो ह्यापेक्षा अवघड करत होता. त्याने पेला ओठापर्यंत नेलासुद्धा. तेवढ्यात समोर शकुआजी दिसली. तिचा पेला भरून तिच्या हातात होता. एक पोरगा तिला म्हणत होता, "आजी, पी की, थंड होईल." आणि ती त्याला म्हणत होती, "थांब रं. सहदेव पिल्याबिगर मी पीत न्हाय."

सहदेवने पेला खाली घेतला.

"मी हे पीत नाही," तो म्हणाला.

मग चाळीस पेले एकसाथ कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"काय आहे दुधात?" कोणीतरी ओरडलं.

"अहो, काही नाही! दूध चांगलं आहे!"

"मग पी ना!"

"मला चालत नाही!"

"म्हणजे भेसळ आहे!"

"अरे भेसळ नाही, पोट आहे! माझं पोट!" सहदेवने पोटावर हात मारून घेतला. "डॉक्टरने सांगितलंय. दूध पचत नाही मला. किती दिवस झाले, मी दूध पीतच नाही."

भीमराजने मोबाइल खाली केला. "मग रोज सकाळी काय पितोस लेका?"

"बदामाचं."

"बदामाला आचळ असतात?"

"वाटून, पंच्यातून पिळून काढतो."

"आणि आमच्यासमोर फोडतोस ती पिशवी?"

"बोका," सहदेव हळूच म्हणाला.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो बोका आला. हशा पिकला, पण कठड्यावरचा एकही पेला कोणी उचलला नाही. शकुआजीने आपला पेला तिथेच नेऊन ठेवला.

चंद्रप्रकाश घसा साफ करून म्हणाले, "घाडीगावकर, तुमचा पोटाचा त्रास आम्ही समजू शकतो. पण पाटीवर आपण लिहिलंय..."

"माहीत आहे मला काय लिहिलंय."

"मग आज हे दूध चांगलं आहे हे सांगणार कोण?"

सहदेवने हातातल्या पेल्याकडे बघितलं. तो पेला पुन्हा उचलायला लागला. जाऊ दे, होऊन होऊन काय होईल, रात्रभर कपाटं सरकतील. तेवढ्यात बाजूने एक हात आला आणि पेला घेऊन गेला.

"बाजूला व्हा," रत्नप्रभा म्हणाली.

ज्यांना माहीत होतं ते दोन पावलं मागे सरले. रत्नप्रभाला लहानपणापासून दुधाचा वास सहन होत नसे. तिच्यासाठी दूध म्हणजे नारळाचं, तेही कालवणातलं किंवा सोलकढीतलं. लग्न करून दुधाच्या घरात आली, रोज दुधाच्या क्रेटशेजारी बसली, पण चहासुद्धा कोराच प्यायची. तिने पदराने नाक दाबलं, डोळे मिटले आणि एरंडेल प्यावं तसा पेला एका दमात रिकामा केला.

गच्ची तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने नाक सोडलं. जीभ टाळूला लावली. पुन्हा लावली. डोळे उघडले, ते सरळ नवऱ्यावर.

"दूध बरां आसा," ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "पण ह्येच्यात माझे काजू आसत!"

"कसले काजू?" सहदेव एक पाऊल मागे गेला.

"माझ्या भावाच्या बागेतले! माका चव कळत नाय? डब्यातले काजू कोणी काढल्यान? आणि डबो वाजता कसो मग?"

"शेंगदाण्यांनी," श्रुतिका म्हणाली आणि भीमराजच्या मागे लपली.

त्यानंतर रत्नप्रभाने जे काही ऐकवलं ते सगळं इथे देण्यात अर्थ नाही. त्यात सहदेव, त्याचं पोट, शेंगदाणे, आणि श्रुतिकाचं भावी सासर एवढे विषय आले. मध्येच तिला आठवलं. "आणि डॉक्टरकडे जाऊन आलात ते मला का नाही सांगितलं? मी काय कोणाला सांगते काय कधी?"

यावर सगळी गच्ची एकदम चंद्राकडे बघायला लागली.

पण ती भांडत असतानाच शकुआजी कठड्यापाशी गेली आणि तिने आपला पेला उचलून तोंडाला लावला.

"आये, प्यायलीस?" भीमराज म्हणाला.

"मंग? जिला दूध बघवत न्हाय, ती चांगलं म्हणतीया. खोटं कशापायी बोलंल?" तिने आणखी एक घोट घेतला. "औंदा लई दाट झालंय. काजू घातल्यात न्हवं."

मग चाळीस पेले उचलले गेले. दुसऱ्यांदा मागणारे पातेल्यापाशी आले. चंद्रप्रकाशांनी पातेल्याचा तळ डावाने खरवडून घेतला. फक्त सहदेव कोरडा उभा होता, रत्नप्रभाने परत दिलेला रिकामा पेला हातात घेऊन, आणि पोट अगदी शांत होतं.

आता 'घाडीगावकर दूध केंद्रा'वर सकाळी काउंटरवर दोन पेले असतात, दोन्ही काचेचे. पहिली पिशवी फुटते, पहिल्या पेल्यात ओतली जाते, आणि रत्नप्रभा पदराने नाक दाबून एकच घोट घेते. तिचं तोंड बघण्यासारखं होतं. नवीन गिऱ्हाइकं तर घाबरतात. मग ती म्हणते, "बरां आसा," आणि शकुआजी पिशवी पुढे करते. पाटीवरचं वाक्य खोडलेलं नाही. 'आम्ही' ह्या शब्दापुढे एक छोटा बाण काढून रंगाऱ्याने वर 'सौ.' एवढं लिहिलंय. जास्त जागाच नव्हती.

उरलेलं दूध अजूनही बोक्यालाच जातं.

दुसरा पेला सहदेवचा. त्यात बदाम असतो, काजू नाही. काजूचा डबा आता माळ्यावर नसतो. तो कुठे असतो हे श्रुतिकालाही माहीत नाही. सणाच्या आदल्या रात्री मात्र रत्नप्रभा एक मूठभर काजू आणून नवऱ्याच्या वाटीत भिजत टाकते आणि त्याच्या कानाशी डबा हलवून काजूंचा आवाज ऐकवते.

"ऐकलात?"

"ऐकला," सहदेव म्हणतो आणि पंच्याला पीळ घालत बदामाची धार काढत राहतो.